मैलागाळाची आंबवण आणि महापालिकेची खातेवही

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीनुसार देशाच्या नागरी भागात रोज सुमारे ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निर्माण होते. ते शुद्ध करण्यासाठी उभारलेल्या केंद्रांची एकूण क्षमता ३१,८४१ दशलक्ष लिटर होती आणि त्यांतून प्रत्यक्षात शुद्ध होऊन बाहेर पडणारे पाणी वीस हजार दशलक्ष लिटरांच्या आसपासच भरत होते. हे तीन आकडे आता सर्वत्र उद्धृत होतात आणि ते व्हावेत हे योग्यच आहे. तथापि त्यांच्या शेजारी एक चौथा आकडा असावयास हवा, आणि तो सहसा कोणी विचारीत नाही. शुद्ध झालेल्या पाण्यातून जी घाण बाजूला काढली, ती गेली कोठे?

पाणी शुद्ध झाले म्हणजे घाण नाहीशी झाली असे नव्हे. १९१४ साली मँचेस्टर येथील आर्डर्न आणि लॉकेट या दोन संशोधकांनी क्रियाशील गाळाची पद्धत जाहीर केली. जगातील बहुतेक मोठी केंद्रे आज याच पद्धतीवर किंवा तिच्या सुधारित प्रकारांवर चालतात. सांडपाण्यात हवा खेळवावयाची, त्या हवेवर सूक्ष्मजंतू पोसावयाचे, त्यांनी पाण्यातील मळ खावयाचा आणि मग हे जंतूच तळाशी बसवून पाण्यापासून वेगळे करावयाचे, अशी ही युक्ती आहे. मळाचे रूपांतर जंतूंच्या देहांत होते आणि त्या देहांचा ढीग शिल्लक राहतो. दर दशलक्ष लिटर सांडपाण्यामागे सुमारे २४० किलो कोरडा गाळ, असा अभियंत्यांचा ढोबळ ठोकताळा आहे. मुंबईत वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, भांडुप आणि घाटकोपर येथे बांधावयास घेतलेल्या सात केंद्रांची एकत्रित क्षमता रोज २,४६४ दशलक्ष लिटर आहे. ती पूर्ण क्षमतेने चालली तर या ठोकताळ्याने रोज जवळजवळ ५९० टन कोरडा गाळ निघेल. यंत्राने पिळल्यावरही गाळात चार-पंचमांश पाणी राहते, हे धरले तर तो तीन हजार टनांच्या घरात जातो. दहाटनी मालमोटारींच्या रोज तीनशे खेपा! गाळाची व्यवस्था लावण्याचा खर्च केंद्राच्या चालू खर्चाच्या निम्म्यापर्यंत जाऊ शकतो, असे या क्षेत्रातील जाणकार सांगतात ते उगीच नव्हे.

या गाळाचे काय करावयाचे, याची जी उत्तरे जगभर शोधली जात आहेत त्यांपैकी एक उत्तर मोठे मनोरंजक आहे आणि ते आपल्या घरातील मोरीपाशी येऊन थांबते. गाळात साबणासारखे द्रव्य मिसळून तो आंबविला तर त्यातून मौल्यवान आम्ले कित्येक पटींनी अधिक मिळतात, असे गेल्या दोन दशकांतील प्रयोगांत दिसून आले आहे. प्रस्तुत लेखक अर्थशास्त्राचा अध्यापक आहे, रसायनशास्त्राचा नव्हे. परंतु ही युक्ती प्रयोगशाळेतून महापालिकेच्या दारात येईल तेव्हा प्रश्न रसायनाचा राहणार नाही, हिशेबाचा होईल. तो हिशेब आधीच मांडून ठेवलेला बरा.

वायूच्या अलीकडचा टप्पा

गोबर गॅसचे संयंत्र आपल्याकडे खेडोपाडी परिचित आहे. हवा बंद केलेल्या टाकीत शेण कुजते आणि जळण्याजोगा वायू मिळतो, एवढे सर्वांना ठाऊक असते. मैल्याच्या बाबतीतही हे ज्ञान आपल्याला नवे नाही. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ साली मैल्यापासून वायू मिळवून तो वापरल्याची नोंद आढळते. मात्र शेण किंवा गाळ यांचा एकदम वायू होत नाही. प्रथम घन पदार्थ विरघळतात, म्हणजे प्रथिने आणि कर्बोदके यांचे लहान तुकडे होतात. मग एका जातीचे जंतू त्या तुकड्यांपासून आम्ले बनवितात. या आम्लांचे पुढे आणखी साधे रूप होते आणि सरतेशेवटी दुसऱ्याच जातीचे, अतिशय सावकाश वाढणारे आणि फार नाजूक प्रकृतीचे जंतू त्यांपासून मिथेन वायू तयार करतात.

मधल्या टप्प्यातील या आम्लांना बाष्पनशील वसाम्ले म्हणतात. नावात वसा असली तरी तेलातुपाशी त्यांचे नाते दूरचे आहे. व्हिनेगरला आंबटपणा देणारे ॲसेटिक आम्ल, त्याच्याच कुळातील प्रोपिऑनिक आम्ल, खवट लोण्याला दर्प आणणारे ब्युटिरिक आम्ल आणि व्हॅलेरिक आम्ल ही त्यांतील प्रमुख. यांचा उपयोग अनेक प्रकारे होतो. रासायनिक उद्योगांचा तर हा कच्चा माल आहेच, शिवाय काही जंतूंना ही आम्ले खाऊ घातली तर ते आपल्या पेशींत मातीत विघटन पावणाऱ्या प्लॅस्टिकसारखे द्रव्य साठवितात. आणि सांडपाण्याच्या केंद्रातच त्यांचा एक मोठा उपयोग आहे. त्याकडे पुढे येऊ.

अडचण पहिल्याच टप्प्यात असते. क्रियाशील गाळातील जंतू सुटे नसतात. स्वतःच स्रवलेल्या प्रथिने आणि कर्बोदके यांच्या चिकट आवरणात ते गुरफटून बसलेले असतात. हे आवरण फुटल्याखेरीज आतला माल बाहेर येत नाही, आणि ते आपोआप फुटावयास फार दिवस लागतात. येथे साबण कामास येतो. साबण, कपडे धुण्याची पावडर, आपल्या आजीच्या काळचे रिठे आणि शिकेकाई या सर्वांचे काम एकाच तत्त्वावर चालते. त्यांच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे ओढ घेते आणि दुसरे तेलकट पदार्थाकडे. अशा द्रव्यांना शास्त्रीय परिभाषेत पृष्ठक्रियाकारक म्हणतात. सदऱ्याच्या कॉलरवरील मळ ज्या रीतीने सुटतो, त्याच रीतीने जंतूंभोवतीचे चिकट आवरण सैल होऊन विरघळते. त्यात अडकून पडलेली पाचक एंझाइमेही मोकळी होऊन कामाला लागतात. आणखी एक गोष्ट घडते आणि ती महत्त्वाची आहे. मिथेन बनविणाऱ्या नाजूक जंतूंना हा साबण सोसत नाही. आम्ले तयार होत राहतात, पण ती खाऊन टाकणारा गिऱ्हाईक मंदावतो, त्यामुळे ती टाकीत साठत जातात.

शांघाय येथील टोंगजी विद्यापीठाच्या संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाचा या क्षेत्रात वारंवार उल्लेख होतो. त्यांनी सोडियम डोडेसिल बेंझीन सल्फोनेट हे द्रव्य वापरले. नाव जिभेला जड असले तरी वस्तू ओळखीची आहे. आपण रोज ज्या पावडरीने कपडे धुतो तिच्यातील मुख्य मळकाढू द्रव्य याच कुळातील. एक ग्रॅम कोरड्या गाळामागे ०.०२ ग्रॅम एवढे हे द्रव्य घातले असता सहाव्या दिवशी लिटरमागे सुमारे २,६०० मिलिग्रॅम आम्ले मिळाली (हे माप ती आम्ले जाळण्यास लागणाऱ्या ऑक्सिजनचे आहे). साबण न घातलेल्या गाळात ती ३४० मिलिग्रॅमच्या आसपास होती. साडेसात पटींचा हा फरक कोणाचेही लक्ष वेधून घेईल असाच आहे.

कागदावरील नफा

आता हिशेब. शंभर दशलक्ष लिटर क्षमतेचे केंद्र असलेले एक मध्यम शहर घेऊ. ठोकताळ्याप्रमाणे तेथे रोज २४ टन कोरडा गाळ निघेल. सगळा गाळ एकाच जातीचा आहे असे सोयीसाठी मानू. टनामागे २० किलो या प्रमाणात ४८० किलो साबणद्रव्य लागेल. त्याचा भाव किलोला शंभर रुपये धरला, तर दिवसाला ४८ हजार आणि वर्षाला सुमारे पावणेदोन कोटी रुपये खर्च. गाळाचा साठ टक्के भाग सेंद्रिय मानला आणि त्याचा पाचवा हिस्सा आम्लांत उतरला असे गृहीत धरले, तर रोज सुमारे २.९ टन आम्ले मिळतील. त्यांना किलोमागे चाळीस रुपये मिळाले तर वर्षाला सव्वाचार कोटींच्या आसपास उत्पन्न. म्हणजे खर्च वजा जाता अडीच कोटींचा नफा. भाव आणि प्रमाणे ही उदाहरणादाखल घेतलेली आहेत. परंतु ज्यांना अशा योजनांची शिफारस करावयाची असते त्यांची टिपणे साधारणतः याच पद्धतीने तयार होतात आणि सर्वसाधारण सभेत ती टाळ्या मिळवितात.

या हिशेबात विक्रीचा भाव धरला आहे, पण विक्रीची वस्तू तयार कोठे आहे? लिटरमागे २,६०० मिलिग्रॅम म्हणजे शेकडा पाव भाग आम्ल. खाण्याच्या व्हिनेगरमध्येसुद्धा ते चार टक्क्यांच्या आसपास असते. आपल्या शहराची २.९ टन आम्ले रोज अकरा लाख लिटर घाण पाण्यात विखुरलेली असतील. त्यांत ॲसेटिक आम्ल सुमारे चतुर्थांश, बाकीची पाच प्रकारची सरमिसळ. ती वेगळी करून, गाळून, घट्ट करून कारखान्याच्या दाराशी नेण्यास लागणारी ऊर्जा आणि यंत्रसामग्री हिशेबात धरली की अडीच कोटींचा नफा कोठल्या कोठे जाईल. उद्योगाला हेच आम्ल मिथेनॉलपासून किंवा साखर कारखान्यांच्या मळीतून निघणाऱ्या अल्कोहोलपासून शुद्ध स्वरूपात मिळते. त्याने मैल्याच्या पाण्याकडे का वळावे?

म्हणून या आम्लांचा खरा ग्राहक केंद्राच्या आवाराबाहेर शोधणे व्यर्थ आहे. तो आवारातच आहे. सांडपाण्यातील नत्र आणि स्फुरद नदीत किंवा तळ्यात गेले की शेवाळ आणि जलपर्णी माजते. ही दोन द्रव्ये काढणाऱ्या जंतूंना सहज पचणारे खाद्य लागते आणि ही आम्ले म्हणजे त्यांचे आवडते खाद्य. अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथील ब्लू प्लेन्स केंद्रात नत्र काढण्यासाठी मिथेनॉल विकत घेऊन पाण्यात सोडावे लागते. उलट कॅनडातील केलोना या ओकानागन सरोवराकाठच्या शहराने प्राथमिक गाळ आंबवून त्यातील आम्ले आपल्याच केंद्रातील जंतूंना पुरविण्याचा मार्ग १९८० नंतरच्या दशकातच अवलंबिला. तेथे साबण नव्हता, केवळ आंबवण होती. अशा ठिकाणी आम्ल पाव टक्क्याचे असले तरी बिघडत नाही. ते गाळून घट्ट करावयाचे नाही, नळाने पुढच्या टाकीत सोडावयाचे आहे. विकत घ्यावे लागणारे खाद्य वाचले, हीच त्याची किंमत.

आपल्याकडे हा विषय अगदीच पुस्तकी राहिलेला नाही. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने एप्रिल २०१९ मधील आदेशात शुद्ध केलेल्या सांडपाण्यातील एकूण नत्र लिटरमागे १० मिलिग्रॅम आणि स्फुरद १ मिलिग्रॅम या मर्यादेत असावे असे म्हटले. मानके कडक होत जातील तसतसे नत्र-स्फुरद काढण्याचे खाद्य आणावयाचे कोठून, हा प्रश्न महापालिकांना पडणारच आहे. आंबलेल्या गाळाच्या पाण्यात गाळातील स्वतःचे नत्र आणि स्फुरदही उतरलेले असते, ते आधी काढून घ्यावे लागते, ही एक अडचण आहे. परंतु मॅग्नेशियम मिसळून त्यांचा साका खतासारखा वेगळा करता येतो. स्फुरदयुक्त खतांसाठी जो देश मोठ्या प्रमाणावर आयातीवर विसंबून आहे, त्याला ही अडचण फार वाईट वाटू नये.

वहीत न लिहिलेला खर्च

इथवर हिशेब साबणाच्या बाजूने झुकल्यासारखा वाटेल. परंतु अजून दोन खर्च लिहावयाचे राहिले आहेत आणि नेमके तेच लिहिले जात नाहीत.

पहिला साधा आहे. साबणामुळे मिथेन बनविणारे जंतू मंदावतात, म्हणजे जेथे वायूपासून वीज तयार करून केंद्राचे वीजबिल कमी केले जाते तेथे तो लाभ घटतो. अर्थशास्त्रात याला पर्यायी परिव्यय म्हणतात आणि पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही तो शिकविला जातो. तरीही अशा योजनांच्या टिपणांत तो बहुधा आढळत नाही. ज्या केंद्रात वायूची टाकी बंद पडलेली असेल तेथे हा परिव्यय शून्य धरता येईल, एवढाच काय तो दिलासा.

दुसरा खर्च गंभीर आहे. घातलेला साबण जातो कोठे? या कुळातील द्रव्ये हवा असलेल्या पाण्यात बऱ्यापैकी विघटन पावतात, पण हवा नसलेल्या टाकीत जवळजवळ पावत नाहीत. शिवाय ती घन कणांना चिकटून राहतात. आंबवणीनंतर उरलेल्या गाळात यांचा मोठा भाग तसाच असणार. डेन्मार्कने शेतात टाकावयाच्या गाळात हे द्रव्य किलोमागे १,३०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये अशी मर्यादा घातली. शांघायच्या प्रयोगातील प्रमाण किलोमागे २०,००० मिलिग्रॅम आहे. म्हणजे डेन्मार्कच्या मर्यादेच्या पंधरा पटींहून अधिक द्रव्य आपण हेतुपुरस्सर, पैसे देऊन, गाळात घालणार. मातीत हवा असते, तेथे ते काही आठवड्यांत कमी होईल, असा युक्तिवाद होऊ शकतो आणि तो सर्वस्वी खोटा नाही. पण मधल्या काळात मातीतील जीवसृष्टीचे जे होईल ते कोणाच्या खात्यावर टाकावयाचे?

पिगू या अर्थशास्त्रज्ञाने १९२० साली प्रसिद्ध झालेल्या कल्याणविषयक ग्रंथात खाजगी परिव्यय आणि सामाजिक परिव्यय यांतील तफावत दाखविली. कारखान्याच्या धुराड्याचे त्याचे उदाहरण आपण शंभर वर्षे वर्गात सांगत आलो. येथे धुराडे नाही आणि गुन्हेगार कारखानदारही नाही. येथे एक सार्वजनिक संस्था आपले पाणी अधिक स्वच्छ करावयास निघाली आहे आणि त्यासाठीचा खर्च, कोणाचाही वाईट हेतू नसताना, शहराच्या हद्दीबाहेरच्या शेतकऱ्याच्या बांधावर नेऊन टाकीत आहे. त्याला गाळ फुकट मिळतो, तो आनंदाने ट्रॉली भरून नेतो. गाळाच्या पोत्यावर काय लिहिलेले असावे हे त्याने विचारावयाचे नसते, कारण पोतेच नसते.

मैल्याचे खत शेताला जावे यासाठी आप्पासाहेब पटवर्धनांनी कोकणात आयुष्य वेचले. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्यांनी मैल्याचे खत करण्याचे प्रयोग स्वतःच्या हातांनी केले. मैला ज्यांच्या माथी मारला गेला होता त्या माणसांच्या मुक्तीचा प्रश्न आणि जमिनीच्या कसाचा प्रश्न त्यांनी एकत्र पाहिला. त्यांच्या काळातील मैल्यात साबण नव्हता, जड धातू नव्हते, औषधांचे अवशेष नव्हते. शहराने शेताकडून धान्य घ्यावे आणि मैला परत द्यावा हा साधा व्यवहार आज तितका साधा उरलेला नाही, आणि त्यात आपण आणखी एक द्रव्य जाणूनबुजून घालावे की नाही हा तूर्त वादाचा मुद्दा आहे.

येथे एक गमतीची गोष्ट नोंदविली पाहिजे. हे द्रव्य गाळात आपण आजही घालीतच आहोत. घरोघरच्या धुण्याचे पाणी गटारात जाते आणि त्यातील मळकाढू द्रव्याचा काही भाग गाळाला चिकटून बसतो. परदेशांत तपासलेल्या गाळांत किलोमागे हजारो मिलिग्रॅम इतके ते आढळले आहे. म्हणजे नवे साबणद्रव्य विकत घेण्यापूर्वी, आपल्या गाळात ते आधीच किती आहे आणि त्याचा आंबवणीवर काय परिणाम होत आहे, हे मोजणे हे पहिले काम ठरते. या मोजणीला फार मोठे भांडवल लागत नाही. कोणत्याही विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागाला ती जमेल.

संशोधकांनाही ही अडचण दिसलेली आहे. म्हणूनच अलीकडे जंतूंनीच तयार केलेल्या ऱ्हॅम्नोलिपिडसारख्या पृष्ठक्रियाकारकांवर आणि वनस्पतिजन्य सॅपोनिनवर प्रयोग झाले. त्यांनीही आम्लांचे उत्पादन वाढते आणि ती स्वतः यथावकाश विघटन पावतात. ऱ्हॅम्नोलिपिड आज कारखानी साबणाच्या कित्येक पट महाग आहे. पण सॅपोनिन म्हणजे दुसरे तिसरे काही नसून रिठ्याच्या फेसातील द्रव्य. सह्याद्रीच्या उतारावर रिठ्याची झाडे आहेत, शिकेकाई आहे, आणि गोळा करणारे हातही आहेत. दिवसाला शेकडो किलो द्रव्य पुरविण्याइतका रिठा उपलब्ध होईल काय, झाल्यास त्याचा भाव काय राहील, याचा अंदाज बांधणे वन विभागाला अशक्य नाही. चुना किंवा सोडा घालून गाळ अल्कधर्मी केला तरी आम्ले वाढतात, हेही चिनी संशोधकांनी २००६ साली दाखविले. तो मार्ग कदाचित सर्वांत स्वस्त असेल. साबणाच्या बरोबरीने त्याचीही परीक्षा व्हावयास हवी.

धनंजयराव गाडगीळांनी १९४८ साली गोखले संस्थेच्या वतीने गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या आर्थिक परिणामांची पाहणी प्रसिद्ध केली. कालव्याचे मूल्य केवळ पाणीपट्टीवरून ठरवू नये, त्यामुळे शेतात, बाजारात आणि मजुरीत जे प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष बदल झाले ते मोजावेत, ही त्या पाहणीमागची दृष्टी होती. सांडपाण्याच्या केंद्रांची अशी पाहणी आपल्याकडे झाली पाहिजे. पुणे महापालिकेने जपानच्या कर्जसाहाय्याने एकूण ३९६ दशलक्ष लिटर क्षमतेची अकरा केंद्रे हाती घेतली. त्यांपैकी एखाद्या केंद्राच्या कोपऱ्यात काही हजार लिटरांची आंबवण टाकी बांधणे म्हणजे एकूण खर्चाच्या मानाने किरकोळ बाब. एका टाकीत नुसता गाळ, दुसरीत चुना घातलेला, तिसरीत रिठ्याचे पाणी, चौथीत कारखानी साबण, अशी वर्षभर तुलना व्हावी. आम्ले मोजावी, घटलेला वायू मोजावा, वीज मोजावी. आणि उरलेला गाळ जवळच्या कृषी महाविद्यालयाच्या प्रक्षेत्रावर तीन हंगाम टाकून, मातीत साबण किती उरतो आणि पिकाचे काय होते, हे त्याच तक्त्यात शेवटच्या रकान्यात लिहावे. हा रकाना ज्या टिपणात कोरा असेल ते टिपण स्थायी समितीने परत पाठवावे.